मामा, हील दे!

रोमन माणसाचं नाक किती लांब असावं, या प्रश्नावर माझा एक अख्खा रविवार गेला. संगणकाच्या पडद्यावर एक उघडाबंब इसम उभा होता आणि त्याच्या शेजारी नाक, हनुवटी, कपाळ, दंड असं एकेक कमीजास्त करायच्या पट्ट्या होत्या. नाक वाढवलं की तो सिनेटर दिसे, कमी केलं की थेट आमच्या शाखेतला हेड कॅशियर. हा इसम म्हणजे मीच. मला प्राचीन रोममध्ये जाऊन राक्षस मारायचे होते, आणि नाक ठरल्याशिवाय गेम पुढे सरकू देत नव्हता. दुपारी चारला बायको मागून डोकावली आणि म्हणाली, "अहो, त्याला हेल्मेट घालायचंय ना? मग नाक कोण बघतंय?"

भाचा डब्लिनला असतो. दर आठवड्याच्या फोनवर "तिकडे थंडी काय म्हणते?" आणि "इकडे पाऊस काय म्हणतो?" याखेरीज बोलायला काही उरेना, तेव्हा त्यानेच तोडगा काढला. आपण चौघांनी, म्हणजे तो, त्याची बायको, मी आणि मामी, मिळून एक ऑनलाइन गेम खेळायचा. गेम रोमन देवांचा. त्याचा हा नाद जुना आहे. २०११ साली 'गॉड्स अँड हीरोज: रोम रायजिंग' नावाचा असाच एक गेम आला होता. एका कंपनीने तो २००७ मध्ये अर्ध्यावर सोडलेला, दुसरीने उचलून पुरा केला आणि थोड्याच काळात तोही मिटला. त्यात म्हणे आपल्या हाताखाली सैनिकांची आख्खी तुकडी मिळायची. तो बंद पडला तेव्हा भाच्याने घरात कुणी गेल्यासारखं तोंड केलं होतं. आता त्याला त्याच जातीचा दुसरा गेम सापडला होता, आणि तुकडीच्या जागी आम्ही होतो.

"मामा, आधी क्लास निवड," भाचा हेडफोनमधून म्हणाला. "सोल्जर, ग्लॅडिएटर, स्काउट, रोग, मिस्टिक, प्रीस्ट. मग पेट्रन गॉड. मग खेळायचं."

वाटलं, पाच मिनिटांचं काम. पण मी बँकेतला माणूस. फॉर्मच्या मागच्या पानावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे हाडात भिनलेलं. एकेका क्लासच्या मागे खरा रोमन माणूस कसा जगत होता, हे बघायला मी कपाटातली पुस्तकं काढली. इंटरनेट तर होतंच. तिथून घोटाळ्याला सुरुवात झाली.

"सोल्जर घे, सोपा असतो," भाच्याचं म्हणणं. "ढाल धरायची, सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि मार खायचा. टँक म्हणतात त्याला."

उभी नोकरी काउंटरवर काढल्यामुळे ही कामगिरी मला नवी नव्हती. पण पगार? मसाडाच्या किल्ल्यावर पपायरसचा एक तुकडा सापडला आहे. ती गायस मेसियस नावाच्या रोमन शिपायाची पगाराची पावतीच आहे, पहिल्या शतकातली. हप्ता ५० दिनारांचा. त्यातून बार्लीचे १६ कापले, बुटांचे ५, चामडी पट्ट्यांचे २, तागाच्या अंगरख्याचे ७ आणि बाकीचे जेवणाचे. हातात शून्य. पावती मात्र व्यवस्थित. ती वाचल्यावर मला दुसऱ्या कुठल्याच पुराव्याची गरज उरली नाही, रोमन साम्राज्य टिकलं ते हिशेब-विभागाच्या जोरावर. गेममधल्या सोल्जरला तलवार फुकट, बूट फुकट आणि मेल्यावर परत जिवंत व्हायची सोय. मेसियसने हे पाहिलं असतं तर त्याने पावती फाडली असती.

ग्लॅडिएटर माझ्या मनात भरला होता. पडद्यावर त्याचं पोट म्हणजे नुसत्या फरशा बसवलेल्या. पण खऱ्या ग्लॅडिएटरना रोममध्ये लोक 'बार्लीखाऊ' म्हणत, असं थोरला प्लिनी लिहून गेलाय. बार्ली आणि बीन्स हाच त्यांचा खुराक. पर्गमममध्ये ग्लॅडिएटरांचा डॉक्टर असलेला गेलन तर तक्रारच करतो की या खाण्याने अंग घट्ट होत नाही, थुलथुलीत होतं. हे वाचून मला फार दिलासा मिळाला. मी लगेच पट्ट्यांकडे वळलो आणि पोट वाढवायची पट्टी शोधू लागलो. नव्हती. नाकाला पट्टी, भुवईला पट्टी, पोटाला नाही! भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, गेममध्ये कोण पोट वाढवतं?"

एवढ्यात बायकोने आपला लॅपटॉप उघडला होता.

"हा रोग काय करतो रे?"

"मामी, तो लपूनछपून जातो, मागून वार करतो, खिसे कापतो."

"चालेल."

झालं. नाकबिक काही नाही. जे आलं ते नाक घेऊन ती मोकळी झाली. देवांची यादी वर सरकवली, मर्क्युरीवर बोट ठेवलं आणि भाजी चिरायला निघून गेली. मी तिला थांबवून सांगितलं की मर्क्युरी हा व्यापाऱ्यांचा देव. त्याचं रोममधलं देऊळ इ.स.पू. ४९५ मधलं. दर १५ मेला व्यापारी त्याच्या झऱ्याचं पाणी आपल्या मालावर आणि डोक्यावर शिंपडत, आणि कवी ओव्हिड सांगतो त्याप्रमाणे, मागे बोललेल्या खोट्याची माफी मागत. लगेच त्याच दमात पुढच्या खोट्यासाठी परवानगीही मागून ठेवत.

"मग बरोबरच निवडलाय," ती म्हणाली. "एकाच फेरीत दोन्ही कामं."

चोरांची खास देवी वेगळीच होती, लॅव्हर्ना. तिच्या नावाचा एक दरवाजा रोमच्या तटबंदीत होता. होरेसने एक सज्जन गृहस्थ रंगवला आहे. तो चारचौघांत अपोलोचं नाव खणखणीत घेतो आणि मग ओठांतल्या ओठांत लॅव्हर्नाला विनवतो: बाई, मला पुण्यवान दिसू दे, माझ्या लबाडीवर रात्रीचं पांघरूण घाल. गेमच्या यादीत लॅव्हर्ना नाही. गेम बनवणाऱ्यांना चोर हवा असतो, पण त्याच्या देवीला उघड जागा द्यायला धजत नाहीत.

भाच्याच्या बायकोने मिस्टिक घेतला. ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते, त्यामुळे अदृश्य संकटाची चाहूल घेणं हा तिचा रोजचाच धंदा. मी तिला कौतुकाने सांगितलं की इटलीत पिआचेन्झाजवळ १८७७ साली एका शेतकऱ्याला नांगरताना मेंढीच्या यकृताची काशाची प्रतिकृती मिळाली. तिच्यावर रकाने आखलेले आणि रकान्या-रकान्यांत देवांची नावं. बळीचं यकृत काढायचं, कुठल्या देवाच्या रकान्यात खोट आहे ते बघायचं आणि भविष्य सांगायचं.

"म्हणजे बग रिपोर्टच, मामा," ती म्हणाली. "फक्त आमच्याकडे मेंढी मरत नाही."

जुना केटो म्हणायचा, एक यकृत-ज्योतिषी दुसऱ्याला भेटल्यावर हसू कसं आवरतो कोण जाणे. हा किस्सा सांगणारा सिसरो स्वतः पक्ष्यांवरून शकुन बघणाऱ्या सरकारी मंडळाचा सभासद होता. तो कुठे हसला, हे मात्र त्याने लिहिलेलं नाही.

भाच्याने सोल्जर घेतला, कारण मी पावती वाचून दाखवल्यावर त्याला मेसियसची दया आली. उरला मी.

"मामा, आपल्याकडे हीलर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रीस्ट. आम्ही लढायचं आणि तू मागे उभं राहून आम्हाला बरं करायचं."

"आणि मी कुणाला मारायचं?"

"कुणालाच नाही. पण तुझ्याशिवाय आम्ही दोन मिनिटं टिकणार नाही."

प्रीस्ट कुणालाच व्हायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. भाचा म्हणाला, जगातल्या प्रत्येक गेममध्ये हेच. तलवारी घेऊन हजारो लोक उभे, आणि सगळे ओरडतायत, "हीलर आहे का कुणी? हीलर!" हा गेमवाल्यांचा दोष मानायचं कारण नाही, खुद्द रोममध्ये हीच रड होती. ज्युपिटरच्या मुख्य पुजाऱ्याला 'फ्लामेन डियालिस' म्हणत. मोठ्या मानाची जागा, सिनेटमध्ये खुर्ची. पण इ.स.पू. ८७ मध्ये ती रिकामी झाली ती इ.स.पू. ११ पर्यंत भरलीच नाही. पाऊणशे वर्षं साक्षात ज्युपिटरला पुजारी मिळेना!

का मिळेना, ते रोमन लेखक ऑलस गेलियसने दिलेल्या अटी-शर्ती वाचल्यावर समजतं. या माणसाने घोड्यावर बसायचं नाही. शहराबाहेर सज्ज उभं सैन्य बघायचं नाही. शपथ घ्यायची नाही. टोपीला, कमरपट्ट्याला, कुठेही गाठ असता कामा नये. अंगठी घालायची तर तुटकी. शेळी, कच्चं मांस, आयव्हीची वेल आणि बीन्स यांना शिवायचं नाही, त्यांचं नावसुद्धा काढायचं नाही. पलंगाच्या पायांना चिखल सारवायचा आणि त्या पलंगाला सोडून सलग तीन रात्री बाहेर झोपायचं नाही. हजामत करणारा गुलाम चालणार नाही, आणि कापलेले केस-नखं शुभ झाडाखाली पुरायची. एखादा बेड्या घातलेला माणूस त्याच्या घरात शिरला तर बेड्या सोडवून, चौकातून वर छपरावर ओढून, तिथून रस्त्यावर सोडायच्या. बायको वारली तर राजीनामा. मी आयुष्यात पुष्कळ सेवाशर्ती वाचल्या, पण पलंगाच्या पायांपर्यंत पोचलेल्या याच.

आणि एवढं करूनही जागा भरली नाही तर? तर धरून आणायचं. इ.स.पू. २०९ मध्ये गायस व्हॅलेरियस फ्लॅकस नावाचा एक उनाड, उधळ्या तरुण होता. मुख्य धर्माधिकाऱ्याने त्याला त्याच्या मनाविरुद्ध फ्लामेन करून टाकलं, का तर सुधारेल म्हणून. इतिहासकार लिव्ही म्हणतो, तो खरंच सुधारला. हे मी भाच्याला सांगायला नको होतं असं बायकोचं मत आहे, कारण पुढच्याच क्षणी पडद्यावर सगळ्यांनी मिळून माझ्या नावापुढे 'प्रीस्ट' टिचकवलं होतं.

आता देव. गेममधल्या देवांना कसं सगळं टक्क्यांत. मार्स घेतलात तर वाराची ताकद दहा टक्के जास्त. मिनर्व्हा घेतलीत तर ढाल आठ टक्के पक्की. फोर्चुना घेतलीत तर नशीब, म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही. खाली छोट्या अक्षरांत लिहिलेलं: एकदा निवडलेला देव बदलायला ५०० सोन्याची नाणी लागतील.

आमची आई शेजारी जप करत बसली होती. तिने चष्मा वर केला.

"काय रे, त्या लोकांना कुलदैवत नसतं?"

"असतं आई, पण यांनी ते निवडायचंय."

"निवडायचं? दैवत आपल्याला निवडतं."

"इथे टक्के बघून निवडतात."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा माळ ओढू लागली. दोन मणी ओढून विचारलं, "व्याज कोण जास्त देतो?"

मला हे बारा-चौदा देव अपुरे वाटले, ही खरी अडचण. रोमन माणसाने देवांच्या बाबतीत कधी काटकसर केली नव्हती. घराच्या दाराला तीन देव. फळीचा फोर्कुलस, बिजागरीची कार्डिया आणि उंबरठ्याचा लिमेंटिनस. यावर संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात टोमणा मारलाय की दाराशी पहारेकरी ठेवायचा तर माणूस एक पुरतो, देव मात्र तीन लागतात. आमच्या बाथरूमच्या दाराची बिजागरी वर्षानुवर्षं किरकिरतेय, सुतार येतो म्हणून येत नाही. मला कार्डिया हवी होती.

गव्हावरच्या तांबेऱ्याचा रोबिगस, त्याचा सण २५ एप्रिलला. शेणखताचा देव वेगळा. शहराच्या मोठ्या गटाराची क्लोआसिना, तिचं ठाण थेट फोरममध्ये, म्हणजे ऐन दरबारात. आणि भट्टीची देवी फोर्नॅक्स. तिचा सण फेब्रुवारीत प्रत्येकाने आपापल्या प्रभागाबरोबर करायचा. ज्यांना आपला प्रभाग कुठला हेच ठाऊक नसे, त्यांच्यासाठी १७ फेब्रुवारी हा दिवस राखून ठेवला होता, आणि लोक त्याला उघडउघड मूर्खांचा सण म्हणत. अशी दूरदृष्टी आपल्या निवडणूक याद्यांना कधी येणार?

पण माझं मन खरं जिंकलं ते शेतीच्या देवांनी. धान्यदेवी सीरीसच्या पूजेत पुजारी ज्यांची नावं घेई ते मदतनीस देव बारा. पडीक रानाच्या पहिल्या नांगरटीचा व्हर्व्हॅक्टर, दुसऱ्या नांगरटीचा रेडारेटर, सरी पाडणारा इम्पॉर्सिटर, पेरणारा इन्सिटर, कुळवणारा ओकेटर, कोळपणारा सारिटर, तण काढणारा सब्रंकिनेटर, कापणीचा मेसर, गाडीत भरून नेणारा कन्व्हेक्टर... आणि शेवटी धान्य कोठारात ठेवणारा कॉन्डिटर वेगळा, बाहेर काढणारा प्रोमिटर वेगळा. बँकेतल्या मेकर-चेकरसारखं, आत घालणाऱ्याने बाहेर काढायचं नाही. हे बघून माझे डोळे पाणावले. मी भाच्याला म्हणालो, "मला सब्रंकिनेटर दे."

"कोण?"

"खुरपणीचा देव."

"मामा, तो गेममध्ये नाहीये."

"मग कॉन्डिटर?"

"तोही नाहीये. मामा, इथे पहाटेचे दोन वाजलेत. तू ज्युपिटर घे. हीलिंगला बारा टक्के मिळतात."

मी ज्युपिटर घेतला. पण मनात म्हटलं, या टक्क्यांची चेष्टा करणाऱ्यांनी आधी रोमन नवस वाचावा. इ.स.पू. २१७ मध्ये ट्रॅसिमीन तळ्याकाठी हॅनिबलने रोमनांची दाणादाण उडवली, तेव्हा त्यांनी ज्युपिटरलाच नवस बोलला. राज्य पाच वर्षं सुखरूप राहिलं तर एका वसंतात जन्मलेली डुकरं, मेंढ्या, शेळ्या, गुरं, सगळी तुझी. यानंतर लिव्ही नवसाची कलमं देतो. ती वाचताना मला बँकेच्या कायदा-विभागाची आठवण येऊन भरून आलं. जनावर आपोआप मेलं तर मालक दोषी नाही. कुणी चोरलं तर दोष मालकाचा नाही, जनतेचाही नाही. नकळत अशुभ दिवशी बळी दिला तरी तो मोजायचा. रात्री दिला, दिवसा दिला, गुलामाने दिला, सगळं चालेल. असा चहूबाजूंनी लिंपलेला नवस फेडला इ.स.पू. १९५ मध्ये, वीसेक वर्षांनी. आणि मुख्य धर्माधिकारी म्हणाला, "विधी चुकला." १९४ मध्ये पुन्हा पहिल्यापासून.

आईला सांगितलं. तिने मान डोलावली. "नवस बोलताना माणूस शहाणा असतो, फेडताना वेंधळा," ती म्हणाली. आईने कुणाबद्दल म्हटलं ते मी विचारलं नाही, कारण बायको माझ्याकडे बघत होती.

खेळ सुरू झाला. पहिल्याच गुहेत अस्वल. भाचा ढाल घेऊन पुढे, बायको अस्वलाच्या मागे, सूनबाई, म्हणजे भाच्याची बायको, आकाशातून काहीतरी निळं पाडतेय, आणि मी मागे काठी धरून उभा.

"मामा, हील!"

मी बटण दाबलं. कुणीतरी सोनेरी उजेडात न्हाऊन निघालं. ते अस्वल होतं.

"मामा, माझ्यावर! माझ्यावर क्लिक कर, मग बटण!"

मी क्लिक केलं. गुहेच्या तोंडाशी चरणारी एक शेळी ठणठणीत बरी झाली. तिला मुळात काहीच झालं नव्हतं. फ्लामेनने शेळीचं नावसुद्धा घ्यायचं नसतं आणि मी तिच्यावर ज्युपिटरचे बारा टक्के उधळले होते. भाचा मेला. सूनबाई मेली. बायको कुठे दिसेना. ती अस्वलाच्या मागून केव्हाच आत जाऊन पेटारा उघडून बसली होती.

पुढच्या वेळी मी तयारीनिशी गेलो. प्रीस्टला लढाईआधी शकुन बघायची एक शक्ती असते. पडद्यावर कोंबड्या येतात, दाणे टिपतात, आणि सगळ्यांची ताकद थोडी वाढते. फक्त त्या सावकाश टिपतात. पलीकडून एक सायक्लॉप्स धावत येत होता.

"मामा, कोंबड्या सोड! हील दे!"

"थांब, अजून दोन दाणे राहिलेत."

"मामा!"

इ.स.पू. २४९ मध्ये पब्लियस क्लॉडियस पुल्चर नावाच्या सेनापतीला अशीच घाई झाली होती. ड्रेपानाच्या आरमारी लढाईआधी शकुनाच्या कोंबड्या दाण्याला तोंड लावीनात. खात नाहीत तर पिऊ देत, म्हणून त्याने त्या समुद्रात फेकल्या आणि मग बहुतेक सगळं आरमार घालवून बसला. हा दाखला मी भाच्याला हेडफोनमध्ये सविस्तर सांगितला. सांगून होईपर्यंत सायक्लॉप्सने त्याला भिंतीला टेकवून चपटा केला होता. कोंबड्यांचं मात्र पोटभर झालं.

तिसऱ्या दिवशी भाच्याला मार्स नकोसा झाला. दहा टक्के वार वाढतो, पण मार बसतो तो बसतोच, तेव्हा मिनर्व्हाकडे जावं असं त्याने ठरवलं. आईच्या कानावर गेलं.

"असा देव बदलतात का रे?"

"आजी, पाचशे नाणी भरावी लागतात."

"अस्सं. मग ठीक आहे. मला वाटलं फुकट."

रोमनांनी तर दुसऱ्यांचे देव बदलून घेतले होते. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई शहर पडलं तेव्हा रोमन सेनापती कॅमिलसने तिथल्या जुनोला आधीच निरोप धाडला होता: आमच्याकडे ये, मोठं देऊळ बांधतो. मूर्ती हलवायला गेलेल्या पोरांपैकी एकाने, लिव्ही म्हणतो, थट्टेने किंवा दैवी प्रेरणेने, तिलाच विचारलं, "येतेस का रोमला?" आणि बाकीची ओरडली की तिने मान हलवली. पोरांना ओझं लवकर उचलून घरी जायचं असणार, असा माझा संशय आहे.

भाच्याकडे पाचशे नाणी नव्हती. माझ्याकडे दोन. सूनबाईकडे काही नाही. सगळी नाणी रोगकडे, म्हणजे बायकोकडे. प्रत्येक मढ्याचा खिसा आमच्याआधी तिने चाचपलेला. मी विचारलं तर म्हणाली, "पुढच्या १५ मेला माफी मागेन."

इथे माझं डोकं फिरलं. पेटाऱ्यातून निघालेली तलवार भाच्याला, कट्यार बायकोला, जादूची अंगठी सूनबाईला, आणि ज्याच्या जिवावर हे सगळे जगतात त्या प्रीस्टला दर वेळी "मामा, तुला पुढच्या वेळी". मी काठी खाली ठेवली. त्याच वेळी समोरच्या दरीतून तीन तोंडांचा कुत्रा वर येत होता.

"मामा, हील!"

"नाही."

"मामा, प्लीज! पुढची सगळी लूट तुझी."

"मामा, माझी अंगठी घ्या," सूनबाई म्हणाली. "उद्या. नक्की."

मी ऐकत राहिलो. आजवर मला कुणी नवस बोललं नव्हतं. व्हेस्पेझियन बादशहा मरणपंथाला लागला तेव्हा म्हणाला म्हणे, अरे, मी देव होत चाललोय बहुधा. तो थट्टेने म्हणाला असेल, माझ्या अंगात मात्र ते खरंच भिनायला लागलं. या सगळ्यांना कलमं घालायची, असं मी ठरवलं, आणि सुरुवात जिच्याकडे खजिना होता तिथून केली. कुत्र्याने तिची पोटरी धरली होती, पडद्यावर तिची लाल रेघ भराभर आटत होती.

ज्युपिटरनेही एकदा असाच भाव खाल्ला होता. विजेचा कोप कसा शांत करायचा, हे त्याने नुमा राजाला सांगायचं होतं. ज्युपिटर म्हणाला, डोकं हवं. नुमा म्हणाला, देतो, बागेतल्या कांद्याचं. माणसाचं हवं. देतो, केस. जीव हवा. देतो, माशाचा. ओव्हिड सांगतो, ज्युपिटरला हसू आलं आणि त्याने मान्य केलं. मी हे बायकोला कधीही सांगितलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, फ्लामेनला शपथेची बंदी असली तरी.

"मला हवाय," मी खर्जात म्हणालो, "चहा."

"देते," स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून आवाज आला. "उद्या."

"सकाळी. अंथरुणात."

"चालेल. तुमच्या अंथरुणात."

"आयता!"

"आयताच. तुम्ही करून आणायचा, मी तुमच्या अंथरुणात बसून पिते."

हेडफोनमध्ये डब्लिन खदखदून हसलं. मला हसायला सवड नव्हती. कुत्र्याचं दुसरं तोंड माझ्याकडे वळलं होतं, म्हणून मी घाईघाईने तिच्यावर क्लिक केलं आणि बटण दाबलं.

शेळी पुन्हा एकदा ठणठणीत बरी झाली.